इतिहास मंडळाचे वर्तमान

महाराष्ट्रातील जिल्ह्याच्या आणि बऱ्याचशा तालुक्याच्या गावी ज्या सार्वजनिक संस्था हमखास आढळतात, त्यांत नगर वाचनालय, तालीम आणि पतसंस्था यांच्या खालोखाल इतिहास संशोधन मंडळाचा क्रमांक लावावा लागतो. वाचनालयात लोक फुकट वर्तमानपत्र वाचायला जातात, तालमीत अंग कमवायला जातात आणि पतसंस्थेत आपली ठेव अद्याप जागेवर आहे ना, एवढे पाहून यायला जातात. इतिहास संशोधन मंडळात मात्र लोक कशासाठी जातात, हा प्रश्न खुद्द मंडळाच्या कोषाध्यक्षालाही वर्गणी गोळा करताना दरवर्षी नव्याने पडतो. मंडळाचे घोषित कार्यक्षेत्र भूतकाळ हे असले, तरी त्याच्या नित्याच्या व्यवहारात सर्वाधिक वेळ खर्ची पडतो तो संगमरवरी पाटीवर कोणाचे नाव कोणाच्या वर असावे, सभागृहाची किल्ली कोणाकडे राहावी आणि गेल्या व्याख्यानमालेतील उरलेली शाल कोणाच्या घरी आहे, अशा निखळ वर्तमानकालीन प्रश्नांवर. या मंडळांच्या चिवटपणाचे रहस्य याच प्रश्नांत दडलेले आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

या संस्थाप्रकाराचे मूळपीठ पुण्यास आहे. वि. का. राजवाडे यांनी सरदार खंडेराव मेहेंदळे यांच्या साहाय्याने ७ जुलै १९१० रोजी भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली, तेव्हा मराठ्यांच्या इतिहासाची साधने वाड्यांच्या माळ्यांवर, देवघरांच्या फडताळांत आणि वाण्याच्या दुकानी पुड्या बांधण्याच्या रद्दीत पडलेली होती, आणि ती गावोगाव फिरून जमवणे हे राजवाड्यांनी आयुष्याचे काम मानले होते. १८९८ साली पहिला खंड काढून त्यांनी जी साधने प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, त्यांचे पुढे २२ खंड झाले. मात्र स्वतः स्थापन केलेल्या मंडळाशीच त्यांचे बिनसले, ते धुळ्यास गेले, तेथेच ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या दप्तरासाठी धुळ्यात त्यांच्या नावाने स्वतंत्र मंडळ उभे राहिले. स्थानिक मंडळांनी या थोर परंपरेतून कागद जमवण्याचा गुण अधिक उचलला की बिनसण्याचा, हे गावागणिक ठरते. एवढे मात्र सामान्यपणे म्हणता येते, की ज्या गावात अशी दोन मंडळे असतात, तेथील दुसरे मंडळ हे बहुधा पहिल्याच्या माजी चिटणिसाने काढलेले असते.

मंडळाला जोडून असणाऱ्या संग्रहालयाची परंपरा वेगळ्या वाटेने आली. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयाचे संस्थापक दिनकर गंगाधर केळकर हे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत, आणि अकाली गेलेल्या आपल्या राजा नावाच्या मुलाची स्मृती म्हणून त्यांनी आयुष्यभराच्या संग्रहाला त्याचे नाव दिले. दिवे, अडकित्ते, कुलपे, दौती, पाय घासायच्या वज्र्या असल्या घरगुती वस्तूंत एका समाजाची कारागिरी साठलेली असते, हे त्यांनी डोळ्यांनी दाखवून दिले. त्यांच्या या दृष्टीचा एक अनपेक्षित परिणाम असा झाला, की माळ्यावरची अडगळ मोडीत काढावी की संग्रहालयात द्यावी, असा पर्याय घरोघरी निर्माण झाला, आणि मोडीवाला वजन करून पैसे देतो, तर संग्रहालय वजन न करता नाव लावते, हा फरक लोकांच्या चटकन ध्यानी आला. आज कोणत्याही स्थानिक संग्रहालयात अडकित्त्यांचे एक कपाट असतेच, आणि त्यातील प्रत्येक अडकित्त्यामागे सुपारी सोडलेले एक घराणे असते.

वस्तू संग्रहालयात येते ती एकटी येत नाही; तिच्याबरोबर तिची कथा येते, आणि कथा नेहमी वस्तूपेक्षा दोनशे वर्षांनी जुनी असते. याचे नित्य आढळणारे उदाहरण म्हणजे शिवराई. शिवराई हे तांब्याचे नाणे असून त्याच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी अक्षरे असतात. ही अक्षरे वाचून देणगीदाराची अशी खात्री पटलेली असते, की आपल्या पणजीच्या बटव्यातील हे नाणे ६ जून १६७४ रोजी, म्हणजे राज्याभिषेकाच्या दिवशी, रायगडावर उधळले गेले आणि ते आपल्याच पूर्वजाने झेलले. वास्तविक शिवराया एकोणिसाव्या शतकापर्यंत निरनिराळ्या टांकसाळींतून पडत आणि बाजारात चालत राहिल्या, त्यामुळे पणजीने ती बहुधा भाजीच्या पैशांतून राखली, हे मंडळातील नाण्यांचा जाणकार जाणून असतो. परंतु तो ते बोलत नाही, कारण त्याच बटव्यात आणखी सात नाणी आहेत हे त्याने पाहिलेले असते.

तलवारीची गोष्ट याहून नाजूक. जुन्या शस्त्रांच्या अभ्यासकांना ठाऊक असते, की मराठी तलवारींत सरळ पात्याची धोप आणि युरोपातून आयात केलेल्या पात्याची फिरंगी असे प्रकार असतात, मूठ एका काळची आणि पाते दुसऱ्या काळचे असणे ही सर्वसाधारण गोष्ट असते आणि केवळ गंजावरून वय ठरत नाही. देणगीदाराला हे काहीही ठाऊक नसते. त्याला फक्त पाटीवर ‘शिवकालीन’ हा शब्द हवा असतो. मग टेबलाच्या एका बाजूस देणगीदार, त्याचे थोरले बंधू आणि पुराव्यादाखल आणलेले वयोवृद्ध काका, दुसऱ्या बाजूस मंडळाचे संशोधक, आणि मधोमध वर्तमानपत्रात गुंडाळलेली तलवार, अशी बैठक बसते. संशोधक प्रथम ‘उत्तर पेशवाई’ असे सुचवतात. काका उठू लागतात. संशोधक ‘शिवकालीन धाटणीची’ इथपर्यंत येतात. थोरले बंधू तलवार पुन्हा गुंडाळू लागतात. तेवढ्यात कार्याध्यक्ष चहा मागवतात, आणि दुसऱ्या कपाच्या सुमारास ‘मराठाकालीन’ या शब्दावर तह होतो, कारण त्या शब्दाच्या पोटात सतराव्या शतकापासून एकोणिसाव्यापर्यंत सगळ्यांचीच सोय लागते. पाटी रंगवून येते, तेव्हा तीवर देणगीदाराचे नाव तलवारीच्या नावापेक्षा दोन बोटे मोठे असते आणि ‘मराठाकालीन’च्या पुढे संशोधकांनी हट्टाने घातलेले कंसातील प्रश्नचिन्ह रंगाऱ्याने नक्षी समजून त्याला खाली एक पान काढलेले असते.

अशा प्रश्नचिन्हांची लाज बाळगण्याचे मात्र कारण नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून २०२४ साली तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आणलेली वाघनखे साताऱ्यात पाहण्यास लोकांनी गर्दी केली, आणि साताऱ्यात इंग्रजांचा प्रतिनिधी म्हणून राहिलेल्या जेम्स ग्रँट डफ याच्या घराण्याकडून ती त्या संग्रहालयात पोहोचली असली, तरी अफझलखानाच्या वधाच्या वेळी शिवाजी महाराजांनी वापरली ती हीच, हे सिद्ध करता येत नाही, असे खुद्द त्या संग्रहालयानेच नमूद करून ठेवले आहे. जे लंडनला चालते, ते तालुक्याच्या गावी चालावयास हरकत नसावी. पण लंडनच्या संग्रहालयाला देणगीदाराच्या काकांसमोर रोज बाजारात भाजी घ्यावी लागत नाही, ही अडचण उरतेच.

दगडी वस्तू अंगणात ठेवण्याची प्रथा आहे, कारण त्या आत नेण्यास माणसे मिळत नाहीत. लढाईत पडलेल्या वीराचे स्मारक म्हणून कोरलेली वीरगळ, सती गेलेल्या स्त्रीच्या स्मरणार्थ उभारलेली सतीशिळा आणि गधेगळ हे त्यांतील मुख्य प्रकार होत. गधेगळ म्हणजे दान दिलेल्या जमिनीला जो कोणी उपद्रव देईल त्याच्या कुळाला घोर शाप देणारा शिलालेख; लेख न वाचता येणाऱ्यांनाही शापाचा आशय कळावा म्हणून त्यावर गाढवाचे एक शिल्प कोरलेले असते, ज्याचे वर्णन शालेय सहलीबरोबर आलेल्या शिक्षिका भूगोलाकडे वळून टाळतात. वरच्या बाजूस कोरलेले चंद्रसूर्य हा शाप आकाशात ते असेतोपर्यंत लागू राहील असे सांगतात. अशा दगडाला टेकवून सभासद आपली दुचाकी लावतात आणि सभा संपेपर्यंत ती तेथे निर्वेधपणे उभी राहते, यावरून शापाची मुदत संपली असावी, किंवा त्याचा अंमल फक्त शेतजमिनीवर चालत असावा. वीरगळीचे तसे नसते. ती ज्या गावाहून आणलेली असते, तेथे तिला पिढ्यान्पिढ्या शेंदूर फासून कोणी म्हसोबा, कोणी वेताळ म्हणून पूजत आलेले असते, आणि देव हलवला तरी भक्त हलत नाहीत, त्यामुळे संग्रहालयाच्या अंगणात ‘पुराणवस्तूंसमोर नारळ फोडू नये’ अशी पाटी लावावी लागते. अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी शिपायाच्या घरी खोबऱ्याची चटणी असते, ही बाब नोंदवहीत येत नाही.

मंडळाविषयीच्या वार्ता स्थानिक वर्तमानपत्रांत वर्षातून चार-पाच वेळा येतात आणि त्यांतील एक तरी ‘दुर्मीळ ऐतिहासिक ठेवा सापडला’ या मथळ्याची असते. ठेवा सापडण्याची स्थळे ठरलेली आहेत: शौचालयाचा खड्डा, जलवाहिनीचा चर आणि पाडलेल्या वाड्याची भिंत. मथळ्याखालच्या छायाचित्रात मंडळाचे अध्यक्ष, उपाध्यक्ष, दोन्ही चिटणीस, खड्ड्याचे मालक आणि प्रभागाचे नगरसेवक स्पष्ट दिसतात. ठेवा त्यांच्या पाठीमागे असतो. सापडलेल्या गोष्टी मौल्यवान असतील, तर प्रकरण मंडळाच्या हातून सुटते, कारण १८७८ सालचा निखात निधीविषयक कायदा असे सांगतो, की जमिनीत दडलेले १० रुपयांहून अधिक किमतीचे धन कोणास सापडल्यास त्याने जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावे. १८७८ साली १० रुपये ही रक्कम भारदस्त होती. आज अंगणात हरवलेल्या चमच्याचाही पंचनामा त्या हिशेबात बसेल. १९७२ सालचा पुरावशेषांविषयीचा कायदा मात्र अधिक समंजस आहे. त्यानुसार १०० वर्षांहून जुनी वस्तू ही पुरावशेष ठरते, आणि शास्त्रीय, ऐतिहासिक वा वाङ्मयीन मोल असलेल्या हस्तलिखितास ७५ वर्षे पुरतात. मंडळाच्या कार्यकारिणीतील काही ज्येष्ठ सदस्य या दुसऱ्या वर्गात केव्हाच दाखल झालेले असून त्यांना देशाबाहेर नेण्यास केंद्र सरकारची परवानगी लागेल काय, अशी पृच्छा तरुण सभासद अधूनमधून करतात.

मंडळाचे सामाजिक जीवन ज्या एका दिवशी पूर्ण फुलते, तो दिवस वार्षिक सर्वसाधारण सभेचा. सभेची सूचना ‘दुपारी ठीक ४ वाजता’ अशी निघते आणि तिच्या तळाशी असे लिहिलेले असते, की गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती त्याच दिवशी, त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने भरेल व तिला गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही. गणपूर्ती म्हणजे सभा वैध ठरण्यास लागणारी किमान उपस्थिती. सर्व सभासदांनी हा तळटिपेचा मजकूर तोंडपाठ केलेला असल्यामुळे ४ वाजता अध्यक्ष, चिटणीस आणि सतरंजी अंथरणारा शिपाई एवढेच हजर असतात, ते तिघे गंभीरपणे सभा तहकूब करतात, आणि साडेचारला बटाटेवड्यांचा वास सुटताच सभागृह भरते. पहिली सभा ही केवळ तहकूब होण्यासाठीच भरते, हे परकीय अभ्यासकाला समजावून सांगणे कठीण आहे.

अन्य संस्थांत ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ हा पहिला विषय दोन मिनिटांत उरकतो. इतिहास मंडळात तो संध्याकाळपर्यंत चालतो, कारण येथे इतिवृत्ताला ऐतिहासिक साधनाचा दर्जा मिळतो आणि मग साधनचिकित्सेचे सर्व नियम त्याला लागू होतात. साधनचिकित्सा म्हणजे कागद अस्सल की नक्कल, तो घटनेच्या वेळचा की मागाहून लिहिलेला, लिहिणारा निःपक्षपाती की कोणाचा मिंधा, आणि मजकुरात मागून घुसडलेला प्रक्षिप्त भाग किती, याची छाननी. सभेनंतर अकरा महिन्यांनी लिहिलेले इतिवृत्त ‘समकालीन’ मानावे काय, असा पहिला आक्षेप येतो. चिटणीस हे उपाध्यक्षांचे साडू असल्याने त्यांचे लेखन बखरीच्या वर्गात घालावे, असा दुसरा येतो. बखर म्हणजे ज्या गद्य इतिहासलेखनात आश्रयदात्याचा पराक्रम अंमळ ठळक होतो ते. तिसरा सभासद परिच्छेद ७ मधील शाई निराळी असल्याचे भिंगातून दाखवून देतो. हे भिंग संग्रहालयाच्या मालकीचे असून त्याचा वर्षभरातला हा एकमेव वापर असतो.

या वादांची जात ओळखण्यासाठी महजर हा प्रकार समजून घेणे उपयुक्त ठरेल. शिवकाळात आणि पेशवाईत पाटीलकी किंवा कुलकर्ण यांसारख्या वतनाचा, म्हणजे वंशपरंपरागत हक्काचा, तंटा लागला, की गोतसभा बसे, दोन्ही बाजू ऐके आणि निवाड्याचा जो कागद करी तो महजर. त्यावर जमलेल्यांच्या साक्षी पडत. ज्याला लिहिता येत नसे तो आपल्या व्यवसायाची खूण करी, म्हणजे पाटील असल्यास नांगराची. तंटे पिढ्यान्पिढ्या चालत आणि क्वचित दिव्यापर्यंत जात. तापलेल्या तेलातून धातूचा रवा हाताने काढावयाचा आणि हात भाजला नाही तर हक्क खरा, असे रवादिव्य त्या काळी ग्राह्य होते. आजच्या मंडळात विश्वस्तपद हे वतन असते, सर्वसाधारण सभा ही गोतसभा असते, नांगराच्या जागी वळणदार इंग्रजी सही असते आणि दिव्याच्या जागी धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय असते, जेथे १९५० सालच्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्याखाली विश्वस्तांमधील प्रत्येक बदलाचा अर्ज दाखल करावा लागतो. त्या अर्जावर हरकत आली, की तारखा पडू लागतात. दोन्ही पद्धतींचा अनुभव घेतलेला माणूस हयात असता, तर त्याने तेलाची कढई पसंत केली असती, कारण तीत निकाल त्याच आठवड्यात लागे.

तारखांचा विषय निघाला, की मंडळात शांतता राहत नाही, आणि याबाबतीत मंडळांना थोर पूर्वज लाभले आहेत. शिवाजी महाराजांचा जन्म वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ रोजी झाला असे दीर्घकाळ मानले जाई. पुढे लोकमान्य टिळकांनी १९१६ साली जेधे घराण्यातील शकावली, म्हणजे वर्षवार केलेल्या घटनांच्या त्रोटक नोंदी, प्रसिद्धीस आणली, आणि तीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, अर्थात १९ फेब्रुवारी १६३०, ही मिती निघाली. १९६६ साली शासनाने जाणत्या इतिहासकारांची समिती नेमली. तिच्यात एकमत झाले नाही. अखेर शासनाने १९ फेब्रुवारी ही तारीख स्वीकारली, तरी तिथी मानणारे तिथीला उत्सव करीतच राहिले. यात श्रद्धेचा भाग मोठा आहे आणि तो आदरानेच घ्यावयास हवा. मंडळाच्या स्वतःच्या वर्धापनदिनाबाबत मात्र तेवढा आदर बाळगण्याचे कारण नाही, कारण तोही तारखेने एकदा आणि तिथीने एकदा असा दोनदा साजरा होतो, दोन्ही वेळा साखरभात असतो आणि दोन्ही वेळा तीच माणसे जेवतात.

मंडळाचा सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत करुण उपक्रम म्हणजे मोडी लिपीचा वर्ग. मोडी ही हात न उचलता झरझर लिहिण्याची मराठीची लिपी. आधी पानभर आडव्या रेघा ओढायच्या आणि मग त्यांना अक्षरे लटकवत जायचे, अशी तिची रीत. तीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळला जात नाही, हे पहिल्या तासाला सांगितले जाते, आणि शाळेत शुद्धलेखनाने गांजलेल्या विद्यार्थ्यांच्या मनात इतिहासाविषयी जन्मात प्रथमच ममत्व उत्पन्न होते. कामाचा पसारा पाहता या वर्गांची गरज मोठी आहे. पुण्याच्या पुराभिलेखागारात, ज्याला लोक पेशवे दफ्तर म्हणतात, मोडी कागद कापडात बांधून ठेवलेले असतात. अशा एका गाठोड्याला रुमाल म्हणतात, आणि रुमालांची गणती हजारांत होते. गो. स. सरदेसाई यांनी त्यांतून निवड करून ४५ खंड संपादित केले, तरी कागदांच्या मानाने ती एक निवडच राहिली. वाचणारी माणसे हवीत, यात वाद नाही.

परंतु वर्गाला येणाऱ्यांपैकी फार थोडे पेशव्यांसाठी आलेले असतात. बहुतेकांच्या पिशवीत घरचा एक कागद असतो. तो घड्यांवर फाटलेला असतो, त्याला पूर्वी कोणीतरी चिकटपट्टी लावलेली असते, त्याच्या माथ्यावर ‘श्री’ आणि कोपऱ्यात एक शिक्का असतो, आणि घरात तीन पिढ्या असे सांगत आलेले असते, की ही महाराजांनी दिलेली इनामाची सनद असून तिच्याप्रमाणे नदीकाठची सगळी जमीन आपली आहे. विद्यार्थी दोन महिने चिकाटीने बाराखडी गिरवतो, वर्ग संपल्यावर एकटा थांबतो आणि शिक्षकांपुढे कागद उलगडतो. शिक्षक चष्मा कपाळावर चढवून कागद नाकाजवळ नेतात, पहिली ओळ मनात वाचतात, दुसरी वाचतात, आणि मग आवाज शक्य तितका मृदू करून सांगतात, की हा कर्जरोखा आहे. पणजोबांनी शेजाऱ्याकडून बैलजोडीसाठी रुपये घेतलेले असतात, व्याजाचा दर लिहिलेला असतो, साक्षीदारांची नावे असतात, आणि परतफेडीची नोंद कोठेच नसते. शेजाऱ्याचा पणतू त्याच वर्गात दुसऱ्या बाकावर बसलेला असतो. गावोगावी मोडीच्या वर्गाची पटसंख्या अखेरीस का रोडावते, याचे हे एक कारण आहे. आणि जे दोघे-तिघे टिकतात, ते पुढे आयुष्यभर इतरांचे कर्जरोखे मृदू आवाजात वाचून दाखवतात. स्थानिक इतिहासाचे खरे काम हेच लोक करतात, आणि राजे-सरदारांच्या पत्रांपेक्षा बैलजोडीचा भाव सांगणारा हा रोखा अधिक मोलाचा असतो, हे तेच जाणतात. मालकाला ते पटत नाही.

प्रेक्षक हा संग्रहालयाचा प्रासंगिक घटक आहे. तो पावसाळ्यात आडोशाला येतो, उन्हाळ्यात पंख्याखाली बसायला येतो आणि बसस्थानक जवळ असल्यास गाडी लागेपर्यंत येतो. शिपाई त्याच्या पुढे एकेक दालनाचा दिवा लावत आणि मागे विझवत चालतो, त्यामुळे प्रेक्षकाला इतिहास नेहमी एका वेळी एकाच खोलीपुरता दिसतो, आणि जो लामणदिव्यापाशी अधिक रेंगाळतो त्याच्यावर अंधार पडतो. अभिप्रायाच्या वहीत ‘अप्रतिम संग्रह’ आणि ‘स्वच्छतागृहाची सोय करावी’ हे दोन अभिप्राय आलटून पालटून येतात. पहिला अहवालात छापतात.

एवढे असूनही या संस्थांची थट्टा एका मर्यादेपलीकडे नेता येत नाही. धाराशिव जिल्ह्यातील तेर, म्हणजे प्राचीन तगर, येथील सातवाहनकालीन वस्तू आज शासकीय संग्रहालयात पाहावयास मिळतात, त्या मुळात रामलिंगप्पा लामतुरे या गावकऱ्याने शेतांतून आणि पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडांवरून जपून गोळा केल्या म्हणून. त्या संग्रहालयाला त्यांचेच नाव आहे. जमवलेले टिकवण्याचा प्रश्नही असतोच. कागदाला कसर आणि वाळवी लागू नये म्हणून पूर्वी पोथ्या लाल कापडात बांधून त्यांत वेखंड ठेवीत, हल्ली डांबराच्या गोळ्या ठेवतात. पण स्थानिक संग्रहालयांचा अनुभव असा, की पाटीवर आजोबांचे नाव आहे की नाही हे पाहण्यासाठी दर दिवाळीला येणारा नातू हा या दोहोंपेक्षा प्रभावी असतो. तो येतो म्हणून कपाट पुसले जाते, तो भांडतो म्हणून नोंदवही काढली जाते, आणि नोंदवही काढली म्हणूनच वस्तू हरवल्याचे वेळेवर कळते. निःस्वार्थ इतिहासप्रेमावर चालणारे संग्रहालय कोठे असल्यास त्याच्या छपराची तपासणी तातडीने करावी.

ज्यांच्या घरी माळ्यावर जुने कागद असतील, त्यांनी या पावसाळ्यापूर्वी ते खाली काढावेत. त्यांना चिकटपट्टी लावू नये, प्लास्टिकचे लॅमिनेशन करू नये, कारण ते पुन्हा निघत नाही, घड्या ताणून सरळ करू नयेत आणि ऊन दाखवू नये. स्वच्छ सुती कापडात सैल बांधून, कोणत्या घरातून आणि कोणाकडून आले एवढे वेगळ्या चिठ्ठीवर लिहून, जवळच्या मंडळात नेऊन द्यावेत. नोंदवहीतील क्रमांक घातलेली पावती मागून घ्यावी. कर्जरोखा निघाल्यास शेजाऱ्याला सांगण्याची सक्ती नाही.